नोट हातात देऊ नका, भाऊ: कॅसिनोच्या टेबलावर टिप कशी, किती आणि कधी

ताई, नमस्कार.

पारोळा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. विक्रीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून एका कंपनीने आम्हा दुकानदारांना गोव्याला नेलं होतं. एका रात्री सगळे मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर गेलो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावात पत्ते खेळलोय, पण असलं काही पहिल्यांदाच पाहिलं. रूलेटच्या, म्हणजे नंबरांच्या फिरत्या चाकाच्या टेबलावर सतरा नंबरवर दोनशे रुपये लावले आणि बॉल नेमका सतरावर बसला. सात हजार आले. शेजारी उभा असलेला आमचा दोस्त म्हणाला, "दी टाक ना भो पोरीले काहीतरी, कसाले चिकटपणा करी ऱ्हायना!" मी खिशातून पाचशेची नोट काढली आणि चाक फिरवणाऱ्या मुलीच्या हातात द्यायला गेलो. तिने झटकन दोन्ही हात मागे घेतले. "सर प्लीज, हातात नको," एवढंच म्हणाली. मागून एक कोटवाला माणूस आला. टेबलावरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नोट खिशात घातली आणि उठून आलो.

तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. मी तिचा अपमान केला का? आमच्यातला एक जण हजार-हजाराच्या चिपा (कॅसिनोत पैशांऐवजी चालणाऱ्या चकत्या) देत होता. म्हणत होता, डीलर, म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारा, खूश असला की पत्ते चांगले पडतात. दुसरा म्हणतो, त्यांना पगार आहे, एक रुपया देऊ नको. खरं काय? किती द्यायचं, कसं द्यायचं, हरलो तरी द्यायचं का? यंदा हिवाळ्यात कंपनी काठमांडूला नेणार आहे, तिथेही कॅसिनो आहेच. आणि एक विचारतो, रागावू नका. त्या मुलीचं नाव कोटावरच्या पट्टीवर वाचलं होतं. इन्स्टाग्रामवर ती सापडली. मेसेज करून माफी मागू का? पाचशे रुपये पाठवून देऊ का?

— आपला एक वाचक, पारोळा तालुका

भाऊ, नमस्कार.

आधी मनावरचं ओझं उतरवते. तुम्ही तिचा अपमान केला नाही. तिने हात मागे घेतले ते तुमच्यावरच्या रागाने नव्हे, नोकरीच्या धाकाने. कॅसिनोच्या टेबलावर पत्ते वाटणाऱ्या किंवा चाक फिरवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाच्या हातातून काहीही हातात घेता येत नाही. नोट नाही, चिप नाही, चॉकलेटसुद्धा नाही. डोक्यावर कॅमेरे असतात आणि त्या कॅमेऱ्यांसमोर बसलेली माणसं डीलरच्या हातांवरच डोळा ठेवून असतात. हातातून हातात गेलेली नोट टिप होती, की खेळाडू आणि डीलर यांची आतून हातमिळवणी होती, हे वरून कळणार कसं? म्हणून मालकांनी सरसकट नियम केला आहे, की जे काही द्यायचं ते टेबलावर ठेवायचं, उघड, सगळ्यांना दिसेल असं. तो कोटवाला त्या भागाचा सुपरवायझर होता. एकाच वेळी तीन-चार टेबलांवर लक्ष ठेवणं हेच त्याचं काम. तो तुम्हाला रागवायला आला नव्हता; काय झालं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आला होता.

माझी एक भाची पणजीला डीलरचं काम करते, म्हणून यातलं बरंच मला घरबसल्या कळलं आहे. एका दिवाळीला ती जळगावला आली असताना आम्ही सतरंजीवर रमीचा डाव मांडला होता. स्वयंपाकघरातून हाक आली म्हणून ती पत्ते ठेवून उठली, आणि उठता उठता तिने दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच आपटले, मग पालथे केले, मग उताणे. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाही भान नव्हतं. टेबल सोडताना प्रत्येक डीलरला हे करावं लागतं. बोटांत काही लपवलेलं नाही, हे कॅमेऱ्याला दाखवायचं असतं. शिफ्टमध्ये ठरावीक वेळाने डीलर बदलतो, आणि दर वेळी हे हात दाखवणं आलंच. अनेक ठिकाणी गणवेशाला खिसेसुद्धा नसतात, किंवा असले तर शिवून टाकलेले असतात. एवढ्या पहाऱ्यात उभ्या असलेल्या मुलीपुढे तुम्ही नोट धरलीत. तिने घेतली असती तर तिची चौकशी झाली असती. तिने योग्य केलं, तुम्हाला माहीत नव्हतं, संपलं.

आता द्यायची रीत सांगते, कारण तीच एकदा समजली की बाकीचा संकोच आपोआप जातो.

रूलेटला नंबर लागला की डीलर त्या नंबरावर एक छोटी खूण ठेवते. ती खूण उचलेपर्यंत टेबलाच्या मांडणीवर हात घालायचा नाही. तुमचे पैसे तुमच्याकडे सरकवले, खूण उचलली, की मग तुमच्या चिपांतली एक बाजूला काढून तिच्या दिशेने सरकवा आणि तोंडाने स्पष्ट सांगा, "टिप" किंवा "तुमच्यासाठी." हे सांगणं महत्त्वाचं आहे. न बोलता चिप पुढे सरकवली आणि ती एखाद्या चौकटीत गेली, तर तो डाव लावला असं धरलं जाऊ शकतं. मग वाद होतो, आणि त्या वादात पुन्हा तीच अडकते. तुम्ही "टिप" म्हणालात की ती चिप उचलेल, टेबलाच्या कडेवर किंवा पेटीवर टकटक वाजवेल, सुपरवायझरला ऐकू जाईल असं "टिप" म्हणेल आणि टेबलाला लावलेल्या पेटीच्या फटीत टाकेल. टकटक आवाज कानावर आला, की समजा काम रीतसर झालं.

रोख नोट टिप म्हणून देऊच नका, चिपच द्या. रूलेटला प्रत्येक खेळाडूला वेगळ्या रंगाच्या चिपा मिळतात, आणि त्या रंगाला त्या टेबलाबाहेर किंमत नसते. म्हणून टेबल सोडताना त्या परत देऊन किमतीच्या चिपा घ्याव्या लागतात. तुमच्यासारख्या बुजऱ्या माणसाला टिप देण्याची सगळ्यात सोपी वेळ हीच. ती तुमचा हिशोब करून चिपा पुढे ठेवते, त्यातली एक तुम्ही तिच्याकडे परत सरकवता, "थँक यू" म्हणता आणि उठता. कुणी बघत नाही, कुणी हसत नाही. आणखी एक, बोटीवर जाताना एंट्रीच्या पॅकेजात नुसत्या खेळायच्या चिपा मिळतात, ज्यांचे खिडकीवर पैसे मिळत नाहीत. त्या टिप म्हणून देऊ नका. तिच्या दृष्टीने ते कागदाचे बोळे.

ब्लॅकजॅक, तीन पत्ती अशा पत्त्यांच्या टेबलांवर आणखी एक पद्धत बघाल. खेळाडू आपल्या डावाशेजारी डीलरच्या नावाने एक छोटी चिप लावतो. डाव जिंकला तर ती चिप आणि तिच्यावर मिळालेले पैसे, दोन्ही डीलरच्या पेटीत. काही डीलरना हे आवडतं, कारण तेवढ्या डावापुरती टेबलावर मजा येते. पण डाव हरला तर ती चिप कॅसिनोच्या गल्ल्यात जाते, डीलरच्या हाती भोपळा. माझं मत विचाराल तर सरळ द्या. ज्याचे आभार मानायचे त्याला शंभर रुपये मिळावेत, मालकाला नव्हे.

आता त्या हजार-हजाराच्या चिपा वाटणाऱ्या मित्राचं. भाऊ, त्याला हे पत्र दाखवा. डीलर खूश असला की पत्ते चांगले पडतात, हा समज अगदी खोटा आहे आणि महागही आहे. पत्ते वाटायचे ते ठरलेल्या क्रमाने. बऱ्याच टेबलांवर पत्ते पिसायचं काम मशीन करतं आणि वाटप पेटीतून होतं. रूलेटच्या चाकावर शून्य ते छत्तीस असे ३७ खण असतात, आणि बॉल कुठे थांबणार हे चाक फिरवणाऱ्याच्या हातात नसतं. असतं, तर कॅसिनोने तिला तिथे उभंच केलं नसतं. टिपेच्या बदल्यात पत्ते चांगले यावेत अशी ज्याची खरंच अपेक्षा आहे, तो नकळत तिच्याकडे चोरी मागतो आहे. ती बिचारी हसून "थँक यू सर" म्हणते, कारण हसणं हा कामाचा भाग आहे.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं, पगार आहे तर टिप कशाला. या म्हणण्याला थोडा आधार आहे, कारण टिप हा कायदा नाही आणि देणं सक्तीचं नाही. पण मला वाटतं त्याच्या डोक्यात आखाजीचा फड आहे. आपल्याकडे आखाजीला डाव बसतो, तेव्हा जागा देणारा, पत्ते पुरवणारा प्रत्येक डावातून नाल, म्हणजे आपला हिस्सा, काढतो. पैसे घेणारा आणि डाव चालवणारा माणूस एकच. त्यामुळे कॅसिनोत गेल्यावरही वाटतं, की यांनी आपली नाल तर काढलीच, आता वर आणखी कशाला? ती नाल काढतो तो मालक, भाऊ. आणि कशी काढतो तेही बघा. ३७ खण असताना बरोबर नंबरला पैसे मिळतात ३५ पट. तुम्ही दोनशे लावले, सात हजार आले. हिशोबाने पुरेपूर फेड व्हायची तर ३६ पट, म्हणजे ७,२०० यायला हवे होते. ते वरचे दोनशे ही मालकाची नाल. लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे. दोन शून्यांचं चाक असेल तर खण ३८ होतात आणि हीच नाल सव्वापाच रुपयांच्या पुढे जाते, म्हणून बसण्याआधी चाकावर किती शून्यं आहेत ते बघून घ्या. यातला एक पैसाही त्या मुलीच्या पेटीत पडत नाही. तिला पगार आणि टिप, एवढंच.

अर्थात टिपही तिची एकटीची नसते. बहुतेक कॅसिनोंत टेबलांवरच्या टिपा एकत्र करून वाटतात, त्यामुळे तुमची चिप तुम्ही न पाहिलेल्या, त्या रात्री रिकाम्या टेबलावर उभ्या राहिलेल्या एखाद्या पोरालाही थोडी पोचते. मला हे चांगलं वाटतं. गोव्याच्या बोटींवर गोव्याच्या मुलांबरोबर आपल्याकडची, ईशान्येकडची, नेपाळची अशी घर सोडून आलेली मुलंमुली असतात. आठ-दहा तासांची रात्रपाळी, बराचसा वेळ उभं राहून, समोर सिगारेटचा धूर आणि हरलेल्या माणसांची तोंडं. यांना काही द्यावंसं वाटणं यात कमीपणा नाही आणि वेडेपणाही नाही.

किती द्यायचं, हा तुमचा खरा प्रश्न. ठरावीक टक्का असा कुठेच लिहिलेला नाही. युरोपातल्या जुन्या कॅसिनोंत रूलेटला एकाच नंबरावर पैसे लागले, की मिळालेल्या ३५ चिपांतली एक कर्मचाऱ्यांना द्यायची, अशी रीत आहे. तुमच्या त्या सतराला हीच रीत लावली तर टिप होते दोनशे रुपये. पाचशे नव्हे. मी सांगते ते साधं माप असं, की ज्या टेबलावर बसलात तिथला सगळ्यात छोटा डाव जेवढा, तेवढ्या किमतीची एक चिप. तास-दीड तास एका टेबलावर बसलात, कुणी नीट समजावून सांगितलं, चुका सांभाळून घेतल्या, तर उठताना एक. मोठा नंबर लागला तर तेव्हा आणखी एक. दर डावाला द्यायची गरज नाही, डीलर बदलला की प्रत्येकाला वेगळी द्यायचीही नाही.

जास्त दिलं तर बिघडलं काय, असं वाटेल. हिशोब करून बघा. दोनशेचा एक डाव असे शंभर डाव खेळलात, म्हणजे वीस हजार रुपये फिरवलेत. वर सांगितलेल्या २.७ टक्क्यांनी सरासरी तोटा होतो ५४० रुपये. एखाद्या रात्री तुम्ही जिंकाल, एखाद्या रात्री पाच हजार घालवाल, पण पुष्कळ रात्री मिळून सरासरी इथेच येते. त्यावर तुम्ही पाचशेची एक टिप दिली, तर खेळाचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला. तुमच्या मित्राने हजाराच्या पाच-सहा चिपा दिल्या असतील, तर त्या रात्री त्याचा सगळ्यात मोठा खर्च जुगार नव्हता, टिप होती. आणि ती दिली कुणासाठी? बघणाऱ्यांसाठी. कंपनीच्या टूरमध्ये हे फार होतं. तालुक्या-तालुक्यातले दुकानदार एकत्र जमतात, चोपड्याचा माणूस पाचशे देतो म्हणून अमळनेरच्याला हजार द्यावेसे वाटतात. त्या फंदात पडू नका. तुमचा दोस्त "चिकटपणा" म्हणाला ना? म्हणू दे. पैसे तुमचे आहेत, आणि तुमच्या धंद्यात पैसा कसा अडकतो हे मला ठाऊक आहे. खरिपात उधारीवर दिलेलं खत-बियाणं कापूस विकला जाईपर्यंत वसूल होत नाही, आणि कापसाला भाव नसला की तेव्हाही होत नाही.

म्हणून घरून निघतानाच दोन रकमा ठरवा. एक खेळायची, जी पूर्ण गेली तरी दुकानाला आणि घराला धक्का लागणार नाही. दुसरी टिपेची, त्यातूनच बाजूला काढलेली. पाच हजार खेळायचे ठरवले असतील तर त्यातले चार-पाचशे टिपेचे. दोन्ही रोख न्या, एटीएम कार्ड खोलीवर ठेवा. बोटीवर पोचल्यावर टिपेच्या पैशाच्या लहान चिपा वेगळ्या घ्या आणि शर्टाच्या खिशात ठेवा. पँटच्या खिशातल्या संपल्या तरी शर्टाच्या खिशातल्यांना खेळायला हात लावायचा नाही. आणि चिपा घेताना हेही ध्यानात असू द्या, की कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आहे, आणि तो चिपांसाठी भरलेल्या पैशावर बसतो. पॅकेजमध्ये काय धरलंय, काय नाही, हे काउंटरवर विचारून घ्यायला लाजू नका.

हरलो तरी द्यायचं का? हो, थोडं द्यायचं, वेगळी काढलेली रक्कम असेल तर. तिने काम तेवढंच केलं आहे. हॉटेलात भरीत तिखट झालं तर आपण वेटरची टिप कापतो तसं इथे होऊ नये, कारण इथलं हरणं कुणाच्या हलगर्जीमुळे होत नाही. पण खिसा खरंच रिकामा झाला असेल, तर नुसतं "थँक यू" म्हणून उठा. एवढंही पुरतं. उसने घेऊन टिप देणारे लोक मी ऐकले आहेत. तसं कधीही करू नका. डीलरलासुद्धा ते नको असतं.

भाचीकडून ऐकलेली एक गोष्ट मला तुमच्या सगळ्या टूरवाल्यांना सांगायची आहे, आणि ती पैशापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. टिप दिली म्हणजे त्या मुलीशी काहीही बोलायचा परवाना मिळाला, असं समजणारे लोक रोज येतात. चिप तिच्या अंगावर फेकतात. "मराठी आहेस का गं, कुठल्या गावची, लग्न झालं का" अशी चौकशी सुरू होते. फोन नंबर मागतात. हरले की आईबहिणीवरून शिव्या. ती टेबल सोडून जाऊ शकत नाही, उलट बोलू शकत नाही, आणि समोरचा दारू प्यायलेला असतो. तिला "मॅडम" म्हणा, नाहीतर कोटावर नाव आहे ते आदराने घ्या. चिप सरकवायची असते, फेकायची नसते. तुमच्यातला कुणी असं वागत असेल तर त्याचा दंड धरून त्याला टेबलावरून उठवा. त्या रात्री तुम्ही तिला देऊ शकाल अशी त्याहून मोठी टिप नाही.

जेवण-पाणी आणून देणाऱ्या मुलांना मात्र सरळ हातात नोट दिली तरी चालते. ते टेबलाच्या नियमात येत नाहीत. बोटीवर खाणंपिणं बहुधा पॅकेजात असतं, म्हणून लोक त्यांना विसरतात. पन्नास-शंभर द्या. जमिनीवरच्या मोठ्या हॉटेलांतल्या कॅसिनोंना गोव्यात कायद्याने इलेक्ट्रॉनिक मशीनचीच परवानगी आहे, पत्ते वाटणाऱ्या माणसांची टेबलं बोटींवर. तेव्हा मशीनवर खेळलात तर टिपेचा प्रश्नच नाही.

काठमांडूचं. नेपाळच्या नागरिकांना तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे टेबलांवर बहुतेक गिऱ्हाईक परदेशी, आणि त्यांत आपले भारतीय खूप. टिप तिथे चालते. पण रीत देशोदेशी बदलते, हे लक्षात असू द्या. ऑस्ट्रेलियात डीलरला टिप घ्यायलाच मनाई आहे. इंग्लंडमध्ये २००५ चा जुगार कायदा लागू होईपर्यंत तीच गत होती. अमेरिकेत उलट, टिप नाही दिली तर लोक चमकून बघतात. म्हणून नव्या ठिकाणी टेबलावर बसायच्या आधी काउंटरवर किंवा सुपरवायझरला दोन गोष्टी विचारा. इथे टिप चालते का? चिप द्यायची की रोख? हिंदीत विचारलं तरी काम भागेल. हे विचारणाऱ्याला कुणी अडाणी समजत नाही.

आपल्या राज्यात मात्र हे सगळं लागू नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा लागू आहे, आणि आखाजीला पोलीस धाड घालतात ती त्याच कायद्याने. म्हणून कुणी "फार्महाऊसवर कॅसिनो नाइट" म्हणून बोलावलं तर जाऊ नका. मोबाइलवर खरी मुलगी पत्ते वाटताना दिसते आणि खाली टिपेचं बटण असतं, त्याच्याही नादी लागू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आली आहे, आणि त्या बटणातले पैसे कुणाकडे जातात हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

राहिली ती माफी. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, म्हणून मीही मोकळेपणाने सांगते. मेसेज करू नका. तुमचा हेतू स्वच्छ आहे, मला शंका नाही. पण तो तिला कसा दिसेल ते बघा. कोटावरची नावाची पट्टी वाचून, तिला शोधून, एक अनोळखी माणूस रात्री मेसेज करतो, वर पाचशे रुपये पाठवतो म्हणतो. असे मेसेज तिला आधीच येत असणार, आणि त्यांतले बरेचसे चांगल्या हेतूचे नसतात. तुमचाही तिने न वाचता ब्लॉक केला तर तिची चूक नाही. शिवाय पैसे तिच्या खात्यात परस्पर गेले, तर हातात नोट घेण्याचा जो धोका तिने त्या रात्री टाळला, तोच तुम्ही तिच्या फोनवर पोचवाल. खेळाडूकडून खासगीत पैसे घेतले म्हणून नोकरी जाऊ शकते.

तिच्यासाठी ती पाच मिनिटांची गोष्ट होती. नवखी माणसं नोट पुढे करतात, तिला सवय आहे. पुन्हा गोव्याला त्याच बोटीवर गेलात आणि ती टेबलावर दिसली, तर बसा, दोन डाव खेळा, उठताना एक चिप सरकवून "टिप" म्हणा. तिला तुम्ही आठवणारही नाही, आणि ते ठीक आहे. दिसली नाही, तर जो कुणी असेल त्याला तीच चिप द्या. पेटी एकच असते. इन्स्टाग्रामवर मेसेज लिहून ठेवला असेल तर पुसून टाका, आणि तिला फॉलो केलं असेल तर तेही आजच काढा.

— तुमची ताई, जळगाव